बोनट, खालचं कव्हर आणि हवा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : नाशिकच्या द्वारकेला वीस वर्षं गॅरेज चालवताय, बोनट हलतं ते लॉक सैल झाल्यामुळे, लॉक नीट केलं की विषय संपला. इंजिनखालच्या प्लास्टिक कव्हरचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, आपल्या गाड्या काही रेसिंगच्या नाहीत, आणि असलं लिहून मी मेकॅनिकवरचा गिऱ्हाइकाचा विश्वास उडवतोय.

आधी माझी चूक. 'खालचं कव्हर नसेल तर बोनट उघडू शकतं' असं मी लिहिलं होतं. ते वाक्य चुकलं. लॉक आणि त्याच्या जोडीचा सेफ्टी हूक धड असेल, तर हवेच्या जोराने बोनट उघडत नाही. हलणाऱ्या बोनटाची पहिली तपासणी लॉकचीच, हे तुमचं शंभर टक्के बरोबर.

पण 'काडीचा संबंध नाही' हे मात्र पटत नाही, कारण माझ्याच गाडीवर मी उलटं पाहिलंय. ऑइल बदलून आणल्याच्या तिसऱ्या दिवशी सिन्नरजवळ गोंद्याला समृद्धीवर चढलो आणि शिर्डीकडे निघालो. नव्वदपर्यंत सगळं शांत. एकशेदहाला काटा गेला आणि बोनटाची डावी कड थरथरायला लागली, पत्र्यावर पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब हलावं तशी. वेग कमी केला की थांबायची, वाढवला की पुन्हा सुरू. शिर्डीला उतरून पाहिलं, तर लॉक पक्कं होतं. डाव्या कोपऱ्यातलं बोनट ज्यावर टेकतं ते रबर गायब होतं. आणि खाली वाकलो तर कव्हरच्या पुढच्या क्लिपाच नव्हत्या, पुढची कड चार बोटं खाली लोंबत होती.

रबर बसवलं, थरथर निम्म्यावर आली. क्लिपा लावून कव्हर वर घेतलं, तेव्हा ती पूर्ण गेली. लॉकला मी हातही लावला नव्हता.

असं का होतं? जाळीतून शिरलेली हवा रेडिएटरमधून मागे येते आणि तिला गाडीच्या खालून बाहेर पडायचं असतं. तिथे दाब कमी राहावा म्हणूनच कव्हर सपाट आणि मोजून-मापून केलेलं असतं. पुढची कड लोंबली की तेच कव्हर सुपासारखं काम करतं, रस्त्यालगतची हवा इंजिनाकडे लोटतं. खालून दाब वाढतो. वरून, बोनटाच्या पुढच्या वळणावर हवा जोरात वळते, म्हणून तिथे ओढ असते. पत्रा या दोघांच्या मध्ये. कव्हर पूर्ण काढून टाकलेलं एक वेळ परवडलं, अर्धवट लोंबतं त्याहून वाईट.

राहिला वेगाचा मुद्दा. रेसिंगची गाडी असायची गरज नाही. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. आपल्या नाशिकच्या उंचीवर 60 च्या वेगाला समोरून येणारी हवा चौरस मीटरला साधारण 15 किलोचा जोर धरते, 120 ला तोच 60 किलोच्या वर जातो. वेग दुप्पट, जोर चौपट. हा सगळा जोर बोनट उचलायला लागतो असं नाही, पण त्याचा काही भाग लागला तरी रबर नसलेला पत्रा हलतोच. समृद्धीवर 120 ची मर्यादा आहे. शहरात वर्षानुवर्षं न दिसलेला दोष तिथे पाच मिनिटांत दिसतो.

तुम्ही शेवटी लिहिलंय की बिजागरीखाली वॉशर घालून बोनटाची मागची कड उचलली की इंजिन थंड राहतं, तुम्ही कित्येक गाड्यांना केलंय. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. सिग्नलला उभ्या गाडीत गरम हवा त्या फटीतून वर येते, खरं आहे. पण धावत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी हवा अडून दाब वाढतो. म्हणूनच केबिनमध्ये येणारी ताजी हवा कंपन्या तिथूनच घेतात. एका मित्राच्या गाडीला असे वॉशर होते. आम्ही मागच्या कडेला बोटभर लोकरीचे धागे चिकटपट्टीने लावले आणि भाच्याने मोबाइलवर टिपलं. गाडी उभी असताना धागे वर डोलत होते. ऐंशीला गेल्यावर एकेक करून फटीत आत ओढले गेले. म्हणजे हवा बाहेर पडत नव्हती, आत शिरत होती आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेची वाट अडवत होती. शिवाय पावसाचं पाणीही तिथूनच आत.

मेकॅनिकबद्दल माझ्या मनात अढी नाही. माझ्या कव्हरच्या क्लिपा घाईत राहिल्या असतील, गर्दीच्या दिवशी राहतातही. पण गिऱ्हाइकाने 'सगळ्या क्लिपा बसल्या का?' एवढं विचारलं तर तो अविश्वास नव्हे.

लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलंय. वॉशर लावलेली एखादी गाडी तुमच्याकडे आली तर कळवा. लोकर घेऊन मी येतो, धागे तुमच्या हातांनी लावू.