काकडू एका दिवसात का होत नाही: एका कमेंटला लांबलचक उत्तर

नमस्कार दादा,

बाकीच्या वाचकांना वर स्क्रोल करायला नको म्हणून तुमच्या तक्रारी आधी थोडक्यात सांगतो. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावरच्या लेखात मी तिथल्या काकडू नॅशनल पार्कसाठी दोन मुक्काम सांगितले ते उगाच, तुमचे साडू तर एका दिवसात जाऊन आले. काकडूतल्या जिम जिम धबधब्याचा फोटो टाकून मी लोकांना भुलवतो, तुम्ही मेच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर तिकडचा रस्ताच बंद. मगरींचा बाऊ केल्यामुळे मुलांनी समुद्रात पाय घातला नाही. आणि शहरात बघायला काही नाही, त्यापेक्षा पूर्व किनाऱ्यावरच्या केर्न्सला गेलो असतो तर बरं झालं असतं. बरोबर ना?

जिम जिमपासून सुरू करतो. तो फोटो छोट्या विमानातून काढलाय, भर पावसाळ्यात, आणि फोटोखाली तसं लिहिलंय. गंमत अशी की हा धबधबा जेव्हा खरोखर कोसळत असतो तेव्हा तिथे गाडीने जाताच येत नाही, आणि जेव्हा रस्ता उघडतो तेव्हा पाणी रोज थोडं थोडं आटत असतं, सीझनच्या शेवटी तर बऱ्याचदा नुसता कडा बघायचा. काकडू हायवे सोडला की आत साधारण ६० किलोमीटर, त्यातले शेवटचे १० फक्त फोर व्हील ड्राइव्हचे, पुढे मोठमोठ्या दगडांवरून चालत. पावसाळ्यात हा पट्टा पाण्याखाली जातो. पाणी उतरलं की रेंजर लोक रस्ता नीट करणार, मग डोहात पावसाळ्यात आत शिरलेली मगर राहिलीय का ते सापळे लावून आणि रात्री टॉर्च मारून तपासणार, तेव्हा कुठे गेट उघडणार. यातलं काहीच तारखेवर होत नाही, साधारण जून उजाडतोच. तुम्ही लिहिलंय की टूरवाल्याने बुकिंग घेताना हे सांगितलं नाही, ते चूकच आहे, पण तो राग माझ्यावर काढू नका.

खरी अडचण आपल्याकडची आहे. आपण शाळेच्या सुट्टीच्या तारखा धरून तिकीट काढतो आणि मग त्या जागेने आपल्या तारखांत बसावं अशी अपेक्षा करतो. डार्विन विषुववृत्ताच्या जेमतेम १२ अंश खाली. तिकडे पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, बाकी कोरडं. वर्षाचा पाऊस साधारण १७०० मिलिमीटर म्हणजे मुंबईपेक्षा कमीच, पण जमीन सपाट, त्यामुळे पाणी पसरतं आणि महिनोन्महिने जागचं हलत नाही. काकडूतले मूळ लोक, बिनिंज आणि मुंगुय, दोन नाही तर सहा ऋतू मानतात आणि प्लॅनिंगला मला तेच जास्त उपयोगी वाटतात. एप्रिलमध्ये 'बांगेरेंग', तेव्हा आपल्या परतीच्या पावसासारखी वादळं येतात आणि माणसापेक्षा उंच वाढलेलं गवत आडवं करून जातात. मग मे ते जूनच्या मध्यापर्यंत 'येगे', हवा थंड व्हायला लागते, पाणथळीवर कमळं असतात, सकाळी धुकं असतं. तुम्ही बरोबर या दोघांच्या सांध्यावर जाऊन पोचलात. मेच्या सुट्टीतच जायचं असेल तर २० मेनंतर जा आणि जिम जिम प्लॅनमध्ये धरूच नका, उघडा मिळाला तर नशीब.

आता एक दिवस की दोन मुक्काम. काकडू जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटर आहे, त्याला गेटातून आत शिरलं आणि पॉइंट बघितले असं होत नाही. डार्विन ते जाबिरू गाव अडीचशे किलोमीटर, तिथून उबीर, म्हणजे जुनी खडकचित्रं असलेली जागा, अजून ४०. म्हणजे नुसतं उबीर बघून परत यायचं तरी जवळपास ६०० किलोमीटर झाले, आणि तुमच्या साडूंनी तेच केलं असणार, दुपारी बाराच्या उन्हात खडकावरची चित्रं बघितली आणि उलटे फिरले. चित्रं दुपारीही तीच असतात हे मान्य, त्यात थायलसिन म्हणजे टास्मानियन टायगरचं एक चित्र आहे, तो प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून काही हजार वर्षांपूर्वीच गेला, तरी तिथे तो खडकावर आहे. पण उबीरला लोक जातात ते संध्याकाळी वर चढून नदाब पूरमैदानावरचा सूर्यास्त बघायला. आणि यलो वॉटर या पाणथळीतली बोट खरी घ्यायची ती सूर्योदयाची, ती सुटते कुइंडाहून, म्हणजे उबीरपासून आणखी शंभरेक किलोमीटर. संध्याकाळी उबीर आणि सकाळी यलो वॉटर, या दोन गोष्टींच्या मध्ये एक रात्र येतेच, त्यात माझा काही हट्ट नाही.

सूर्यास्त बघून रात्रीच डार्विनला परत येऊ म्हणाल तर तेही नको. अंधार झटकन पडतो, रस्त्यावर वॉलबी (छोटे कांगारू) आणि रानम्हशी येतात (हो, म्हशीच, एकोणिसाव्या शतकात आशियातून नेलेल्या, आता मोकाट), समोरून पन्नास मीटरच्या वर लांबीचे रोड ट्रेन ट्रक येतात, आणि बऱ्याच भाड्याच्या गाड्यांच्या करारात गावाबाहेर रात्री चालवलं तर इन्शुरन्स लागू नाही असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचा. कच्च्या रस्त्याचंही तिथेच लिहिलेलं असतं.

मगरींबद्दल मात्र मी एक शब्दही मागे घेणार नाही. चिपळूणला वाशिष्ठीत होडीतून दिसते ती आपली मगर आणि ही खाऱ्या पाण्यातली, हे प्रकरण वेगळं आहे, नर पाच मीटरच्या वर जातो, खाऱ्या आणि गोड्या दोन्ही पाण्यात राहतो, समुद्रातूनही पोहत येतो. तिकडे शिकारीने ही जात संपत आली होती, १९७१ मध्ये बंदी आली आणि आता नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे डार्विन ज्या प्रांतात आहे तिथे, त्यांची संख्या लाखाच्या घरात सांगतात. वरून ऑक्टोबर ते मे विषारी बॉक्स जेलीफिश. म्हणजे तुम्ही गेलात तेव्हाही होत्या. मुलांनी पाय घातला नाही हे उत्तम झालं. पोहायचंच होतं तर डार्विन वॉटरफ्रंटला लाटांचा पूल आहे, आणि लिचफील्ड नॅशनल पार्क आहे, शंभरेक किलोमीटरवर, ते खरंच एका दिवसात होतं, तिथे दोन मुक्काम मी कधीच सांगितले नाहीत. फ्लॉरेन्स फॉल्स, बुली रॉकहोल, वाटेत उत्तर-दक्षिण रेषेत उभी असलेली वाळवीची वारुळं. वांगी फॉल्सचा डोह मोठा आणि सुंदर, पण पावसाळ्यानंतर तपासणी होईपर्यंत बंद असतो, निघायच्या सकाळी पार्कच्या साइटवर बघून घ्यायचं. पासही दोन वेगळे लागतात, काकडू केंद्र सरकारचं, लिचफील्ड टेरिटरी सरकारचं.

केर्न्सचं म्हणाल तर जरूर जा, पण तिकडेही नोव्हेंबर ते मे जेलीफिशचा सीझन असतो आणि मगरींच्या पाट्या तिकडेही आहेत.

शहराबद्दल फार भांडत नाही. डार्विन छोटंच आहे, आणि जुनं काही दिसत नाही कारण १९ फेब्रुवारी १९४२ ला जपान्यांनी बॉम्ब टाकले आणि उरलंसुरलं १९७४ च्या ख्रिसमसला ट्रेसी वादळाने नेलं. बुलॉकी पॉइंटच्या म्युझियममध्ये एका अंधाऱ्या खोलीत त्या वादळाचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवतात, आणि तिथेच 'स्वीटहार्ट' ठेवलाय, ५.१ मीटरचा नर, होड्यांच्या मोटरींवर हल्ले करायचा. कोकणात किंवा आंध्र किनाऱ्यावर वादळ बघितलेल्या माणसाला त्या खोलीतून लवकर बाहेर पडावंसं वाटेल. म्युझियमला तिकीट नाही. गुरुवारी आणि रविवारी मिंडिल बीचचा संध्याकाळचा बाजार, तोही फक्त कोरड्या सीझनमध्ये. शाकाहारी असाल तर तिथल्या लाक्साच्या (नारळाच्या दुधातलं नूडल्सचं सूप) गाड्यावर आधी विचारा, मसाल्यात बऱ्याचदा कोलंबी वाटलेली असते.

शेवटी तुम्ही रागातच का होईना विचारलंय की मग दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन जावं का. उकाडा आणि दमटपणा दोन्ही तेव्हा सगळ्यात वाईट असतात, पाऊस जमतो पण पडत नाही, स्थानिक लोकही चिडचिडे होतात. पण पक्षी बघायचे असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबरइतका चांगला काळ नाही, सगळीकडचं पाणी आटून उरलेल्या डबक्यांवर येतं आणि काकडूतल्या मामुकाला पाणथळीवर मॅगपाय गीज (काळीपांढरी बदकासारखी पाखरं) हजारांनी जमतात. दिवाळी ऑक्टोबरमध्ये येत असेल तर जा, नोव्हेंबरात असेल तर सोडा. उबीरचा शेवटचा चढ गुडघे दुखणाऱ्यांना जमणार नाही, खालची चित्रं सपाटीवर आहेत तेवढी दाखवा. आणि बोट सकाळचीच बुक करा, दुपारच्या बोटीला छप्पर असतं पण वारा नसतो.