औषधे आहेत ना, मग मोजता कशाला?

सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. सूर साधारण असा: आवश्यक औषधांची यादी कधीच झाली, खरेदीचा खर्च दरवर्षी वाढतोय, तपासणी पथकाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दहापैकी नऊ औषधे सापडतात, औषध रुग्णाच्या हाती पडले की धोरणाचे काम संपले. मग देखरेख आणि मूल्यमापनाच्या नावाखाली कागदी घोडे कशाला नाचवता? तो पैसा औषधांवरच घाला. ऐकताक्षणी पटावे असेच आहे हे. म्हणूनच एकेक दावा तपासून पाहू.

यादीचे आधी उरकून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेने पहिली नमुना यादी १९७७ साली काढली. पुढच्याच वर्षी प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतून निघालेल्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने आवश्यक औषधांचा पुरवठा हा प्राथमिक आरोग्यसेवेचा भाग मानला. म्हणजे यादी जुनी आहे, खरे. पण यादीतून कळते ते फक्त काय निवडले एवढेच. निवडलेले खरेदीत उतरले का, उपचारांच्या मार्गदर्शिकेत तीच औषधे आहेत का, हे पाहावे लागते. नाहीतर डॉक्टर एक लिहितो आणि गोदामात भलतेच येऊन पडते.

खर्च वाढला, हाही पुरावा नव्हे. दर वाढले तरी खर्च वाढतो. घाईघाईने स्थानिक खरेदी करावी लागली तरी वाढतो. मुदत संपत आलेला माल गोदामात पडून राहिला आणि पुन्हा मागवावा लागला, तर खर्च दुप्पटही होतो. आडात असले म्हणजे पोहऱ्यात आलेच, असे औषधांच्या बाबतीत तरी समजू नये.

आता ‘दहापैकी नऊ’. या आकड्याने सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून इथे थोडे थांबतो. पहिला प्रश्न, दहावे कोणते? नऊमध्ये तापाची गोळी, जंतुनाशक, क्षारसंजीवनी असेल आणि नसलेले एक बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन असेल, तर टक्केवारी ९०च राहते. शिवाय ते इंजेक्शन कपाटात ‘आहे’ म्हणूनही भागत नाही, ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवलेले हवे. बंद पडलेल्या फ्रिजमधल्या कुप्या मोजणीत मात्र ‘उपलब्ध’ म्हणूनच धरल्या जातात.

दुसरा प्रश्न, कोणत्या दिवशी? तपासणीची तारीख आधी कळली की शेजारच्या केंद्रातून उसनवार खोकी येतात, हे या कामातल्या कुणालाही नवे नाही. साठा नोंदवही उघडा आणि ‘शिल्लक’ हा रकाना वरून खाली वाचत जा. शून्य कधी लागले आणि पुढची आवक कधी झाली, यातले दिवस मोजा. तपासणी एका दिवसाची असली, तरी नोंदवहीत मागच्या १२ महिन्यांचे खडखडाटाचे दिवस सापडतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणी-पद्धतीतही हे दिवस मोजले जातात.

हे न मोजल्याचा फटका पुढच्या वर्षी बसतो. समजा, एका औषधाच्या १,२०० पट्ट्या वर्षभरात खपल्या, पण ४ महिने ते औषधच नव्हते. बाराने भागून महिन्याला १०० अशी मागणी गेली, तर खरी गरज १५०ची असताना तुटवडा आपणच पुढच्या वर्षासाठी मागवून ठेवला. आणखी एक खोच आहे. कपाटात जे आहे तेवढेच लिहायची डॉक्टरला सवय लागली, की ‘लिहिलेल्या औषधांपैकी दिलेली’ हे प्रमाण १०० टक्क्यांपर्यंत जाते. कागदावर केंद्र आदर्श ठरते, रुग्ण मात्र अर्धवट उपचार घेऊन घरी जातो. म्हणून एकट्या निर्देशांकावर, म्हणजे मोजमापाच्या एकाच आकड्यावर, कधी विसंबू नये.

‘हाती पडले की संपले’ हा दावा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये आरोग्य केंद्रांतील औषधवापर तपासण्यासाठी जे निर्देशांक दिले, त्यांतले बरेचसे या क्षणानंतरच्या किंवा आधीच्या चुका पकडतात: रुग्णाच्या एका भेटीत सरासरी किती औषधे लिहिली, किती चिठ्ठ्यांत प्रतिजैविक (अँटिबायोटिक) होते, कितींत इंजेक्शन, पुडीवर नाव आणि मात्रा लिहिली होती का, रुग्णाला गोळी कशी घ्यायची ते सांगता येते का. दारातून बाहेर पडणाऱ्याला हातातली पुडी दाखवून ‘ही केव्हा घ्यायची?’ एवढे विचारून पाहा. पुडी कोरी आणि उत्तर ‘बहुतेक दोनदा’ असेल, तर औषध पोहोचले म्हणायचे का? प्रतिजैविके ऊठसूट दिली जात असतील, तर भरलेले कपाट हे यश नसून काळजीचे कारण आहे.

किमतीचा तर त्या मजकुरात उल्लेखच नाही. केंद्रात नसले की माणूस ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी घेऊन दुकानात जातो. ते त्याला परवडते का, हे मोजायची रूढ पद्धत सरळ आहे: सर्वात कमी पगाराच्या अकुशल सरकारी कामगाराची किती दिवसांची मजुरी त्या उपचाराला लागते. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला ३.ख.३ हा निर्देशांकही औषध उपलब्ध आणि परवडणारे, अशा दोन्ही अटी एकत्र धरतो.

राहिला पैशाचा मुद्दा. १९९३च्या त्या पद्धतीत किमान २० केंद्रे आणि प्रत्येकी ३० रुग्णभेटी, म्हणजे ६०० नोंदी पुरतात. त्यातल्या पुष्कळशा जुन्या नोंदवह्यांतूनच मिळतात. यासाठी औषधांच्या खर्चाला कात्री लागेल, असे म्हणणाऱ्याने मुदतबाह्य होऊन नष्ट कराव्या लागणाऱ्या मालाची किंमत आधी मांडावी.

मजकुरातली एक तक्रार मात्र रास्त आहे. एकच आकडा तीन-तीन वह्यांत भरायचा, वर पाठवायचा आणि त्याचे पुढे काय झाले ते कधीच कळायचे नाही, याला फार्मासिस्ट आणि परिचारिका वैतागल्या तर नवल नाही. असले रकाने खुशाल काढून टाका. शून्य शिल्लकेच्या दिवसांचा रकाना तेवढा ठेवा, आणि तो भरून पाठवणाऱ्या केंद्राला पुढच्या मागणीत त्यानुसार वाढवून माल द्या.