सॅन अँटोनिओत मामाबरोबर जेवताना

मामा पुण्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे टेक्सासला आला होता. तो पक्का शाकाहारी, म्हणून मेक्सिकन जेवायला नेण्याआधी मी फोन करून विचारून घेतलं: घेवड्यात डुकराची चरबी घालता का, भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवता का? दोन्हींचं उत्तर हो आलं. पण काळा घेवडा नुसता पाण्यात शिजवलेला मिळेल, असं तिथल्या बाईंनी आपणहून सांगितलं.

टेबलाजवळच एक आजी तव्यावर टॉर्टिया भाजत होत्या. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून मग वाटतात, म्हणून ते पीठ छान मिळून येतं. मामाने एक तुकडा मोडला, वास घेतला आणि म्हणाला, "अगं, ही तर मक्याची भाकरीच!" मग तीन खाल्ल्या.

गल्ल्यापाशी त्या बाईंची नऊ-दहा वर्षांची मुलगी गृहपाठ करत बसली होती. वही इंग्रजीत, आईशी बोलणं स्पॅनिशमध्ये, आणि आम्हाला पाणी आणून दिलं तेव्हा पुन्हा इंग्रजी. माझा मुलगा तिच्याच वयाचा. मामाआजोबा मराठीत विचारतात, तो इंग्रजीत उत्तर देतो. मामा काही बोलला नाही, पण त्याने ते पाहिलं, आणि मीही.

गावाकडचा भाषेचा वाद जेवणात येणारच होता. पहिलीपासून हिंदी आणण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने 29 जून 2025 ला मागे घेतला, तो लोकांच्या रेट्यामुळे, आणि ते योग्यच झालं असं मलाही वाटतं. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा कशाला लादायची? पण मराठी येत नाही म्हणून दुकानदाराच्या कानाखाली मारायची, हे मला मान्य नाही. मामाचं मत, थोडा धाक हवाच.

मी त्याला इथली गोष्ट सांगितली. 1918 साली टेक्सासने शाळेत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणं गुन्हा ठरवलं. पुढे कित्येक वर्षं स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शाळेत शिक्षा होत असे. तरी ती भाषा आज या गल्ल्यापाशी बसली आहे, कारण घरात आया ती बोलत राहिल्या.

मामा थांबला आणि म्हणाला, "तिच्या पाठीशी वीस देश आहेत. मराठीला महाराष्ट्राशिवाय कोण आहे?"

हे मला खोडता आलं नाही. इथे मेक्सिकोतून माणसं येत राहतात, स्पॅनिशमध्ये काम मिळतं, रेडिओ चालतो. मराठीच्या वाट्याला हे सगळं एकाच राज्यातून यायचं आहे. म्हणून सरकारने हात झटकून चालणार नाही, यात मामा बरोबर आहे. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात दर्जा मिळाला, आनंदच झाला. पण मराठी शाळा बंद पडत असताना त्या दर्जाचं करायचं काय? शाळेत चांगले शिक्षक आणि मराठीतून शिकलेल्याला नोकरी, एवढं झालं तर कानाखाली मारायची वेळ येणार नाही. आणि जे घोषणा देतात त्यांनी स्वतःच्या मुलांना कुठे घातलं आहे, हेही विचारलं पाहिजे. मामाच्या दोन्ही नाती इंग्रजी माध्यमात आहेत. हे मी त्याला तोंडावर म्हणाले. तो रागावला नाही.

आमच्याकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या, अभ्यासक्रमाची मराठी शाळा आहे, पण ती आठवड्यातून एकदाच. बाकीचे दिवस माझेच. मामा परत गेल्यापासून मुलगा इंग्रजीत बोलला की मी तेच मराठीत पुन्हा विचारते आणि उत्तरासाठी थांबते. तो चिडतो. कधी चार शब्द बोलतो, कधी उठून खोलीत जातो.