मधमाश्यांची खानेसुमारी

जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली निम्मी मोजण्यात गेली. माणसं मोजली, मतदार मोजले, गुरं मोजली, एकदा तर गावातले संडास मोजले. त्यामुळे परभणीला कृषीचं शिकणारी भाची माघात मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या घेऊन आली आणि "मामा, तुम्हाला तर सवयच हाय" म्हणाली, तेव्हा मी बेसावधपणे हो म्हणून बसलो.

काम म्हणे सोपं. पेटीच्या दाराशी बसायचं आणि पाच मिनिटांत मागच्या पायांना परागाचे गोळे लावून किती माश्या परतल्या, ते वहीत लिहायचं. मळ्यातल्या करडईवर त्या किती जातात, हे तिला शोधायचं होतं. पण खानेसुमारीत माणूस एका जागी उभा राहतो, वर चहाही विचारतो. इथं भरल्या पेटीत तीस-चाळीस हजार जीव, आणि एकीलाही दम नाही. एकवीसपर्यंत आलो की एखादी कानाशी गुणगुणायची, की पुन्हा एकपासून.

"मामा, रस्त्यात बसलाव तुम्ही. बाजूला सरका."

सरकलो. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. चार अर्धापुरी केळी खाऊन ड्युटीवर बसलो आणि दहा मिनिटांत भुवईवर डंख बसला. भाचीनं नखानं काटा खरवडून काढला, तोंडाचा वास घेतला आणि कपाळाला हात लावला. माशी डंख मारते तेव्हा बाकीच्यांना धोक्याची वर्दी देणारा एक वास सोडते. तो पिकल्या केळ्यासारखा असतो. म्हणजे मी पेटीसमोर बसून दहा मिनिटं 'हल्ला करा' असा पुकारा करत होतो. उपासाचं पुण्य मिळालं की नाही देव जाणे, डोळा मात्र दोन दिवस बंद होता.

मग खुणा करायचं ठरलं. माशी गारठली की सुस्त होते, तेवढ्यात पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा. भाचीनं बारा माश्या बरणीत घालून बरणी फ्रीजमध्ये ठेवली. आणि बायको विरजण काढायला गेली.

"अहो! ह्ये काय ठिवलंय दह्यापशी?"

त्यानंतर तिच्या निळ्या नेलपॉलिशची बाटलीही आम्हीच उचललीय, हे सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात काडी. दहावीचे पेपर तपासतानाही माझा हात इतका थरथरला नव्हता.

खरी गंमत आतलं पोळं दिसावं म्हणून काचा लावलेल्या पेटीत. चारा सापडलेली माशी पोळ्यावर पोट हलवत सरळ चालते, अर्धं वर्तुळ घेऊन परत फिरते, पुन्हा चालते. ती सरळ रेघ उभ्या रेषेशी जेवढा कोन करते, तेवढाच कोन सूर्याच्या दिशेशी धरून चारा शोधायचा. पोट जितका वेळ हलतं, तितकं लांब: एका सेकंदाला साधारण एक किलोमीटर. हा नाच उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. मला शाळेतला फळ्यावरचा लाकडी कोनमापक आणून काचेला लावायचं काम मिळालं.

सकाळचे नऊ. आमची एक निळ्या ठिपक्याची बाई नाचायला लागली. उजवीकडे साठ अंश, जेमतेम अर्धा सेकंद. सूर्य आग्नेयेकडे झुकलेला, तिथून उजवीकडे साठ म्हणजे सरळ दक्षिण. भाचीनं तीनदा मोजलं. करडईचा मळा उत्तरेला. दक्षिणेला अर्ध्या किलोमीटरवर फक्त एसटी स्टँड.

मी पायी निघालो. स्टँडासमोर रसवंती नुकतीच सुरू झाली होती. चोथ्यावर माश्यांचा नुसता थर, आणि त्यात आमची निळ्या ठिपक्याची. एक ग्लास घेतला नि वही उघडली.

रसवंतीवाला वाकून बघत म्हणाला, "गुरुजी, ही नेलपॉलिशवाली तुमची का?"

"आमचीच."

"मग तिचाबी रस तुमच्याच खात्यावर मांडतो."