बसेल की!

जुन्या ट्रॅक्टरला काय वाटेल ते जोडता येतं, असं सांगणारी माणसं स्वतः कधी पान्याला हात लावत नाहीत. ती बाजूला उभी राहून ‘बसेल की!’ म्हणतात. याच दोन शब्दांच्या भरवशावर आम्ही आमच्या ट्रॅक्टरला मागून खोदाईचा हात, म्हणजे बॅकहो, लावायला निघालो.

ट्रॅक्टर वयाने माझ्याहून मोठा आहे आणि घरात त्याला मानही तसाच आहे. अण्णांनी परवानगी दिली, पण एका अटीवर: अंगाला नवीन भोक पाडायचं नाही.

पहिलं भांडण पिनांशी झालं. लहान ट्रॅक्टरच्या थ्री पॉइंट लिंकेजला, म्हणजे मागे अवजार तीन ठिकाणी अडकवायच्या दांड्यांना, खालच्या पिना 22 मिलिमीटरच्या, मोठ्यांना 28 च्या. आमचा ट्रॅक्टर लहान गटातला, बॅकहो मोठ्या गटातला. ‘बसेल की’वाल्यांनी हातोडा पुढे केला. सहा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. हातोड्याने ते तसूभर कमी होत नाहीत, गर्दी मात्र वाढते.

शेवटी मिस्त्री आले. मागून एक चक्कर मारली, विडी विझवली आणि म्हणाले, “अण्णा, पिन बसली तरी असा लावायचा नाही. याची लिफ्ट वर उचलते, खाली दाबत नाही. बकेट जमिनीत रुतवून ओढायला गेलात की लिंका वर उठतील आणि अख्खं धूड सीटवर येईल.”

“सीटवर कोण बसणार आहे?” अण्णांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणापासून मी मिस्त्रींचा कट्टर समर्थक झालो.

मिस्त्रींचं दुसरं म्हणणं आणखी गंभीर होतं. असल्या ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते. इंजिन, क्लचचं घर, गिअरबॉक्स, डिफरन्शियल ही मंडळी एकमेकांना बोल्टांनी आवळलेली, आणि तोच त्याचा कणा. नांगर ओढायला तो पुरतो. खोदाईचे हिसके बसले तर कमरेत तडकू शकतो. म्हणून मागच्या अ‍ॅक्सलपासून पुढपर्यंत दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल टाकून वेगळी फ्रेम करायची. भोक पाडायचं नाही म्हटल्यावर जुनीच भोकं शोधणं आलं. त्यांवर वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि माती मिळून एक नवाच धातू तयार झाला होता. तो खरवडला तेव्हा आत इंची आटे निघाले. आमच्या हातातले बोल्ट अर्थातच मिलिमीटरचे.

पण खरा छळ हायड्रॉलिकने मांडला. बॅकहोला तेल दोन्ही बाजूंनी लागतं: ढकलायलाही आणि ओढायलाही. जुन्या लिफ्टला हा प्रकारच ठाऊक नाही. ती तेलाने वर जाते आणि स्वतःच्या वजनाने खाली येते, एवढाच तिचा आयुष्यक्रम. मग पीटीओवर, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, वेगळा पंप चढवला, वेगळी टाकी बसवली. मिनिटाला 540 फेऱ्यांवर शाफ्टबरोबर पंपही गरगरू नये म्हणून त्याला साखळीने जखडला. इथवर सगळं ठीक होतं. मग होज पाइप आले.

अर्धा इंची फिटिंगमध्ये बीएसपी हे ब्रिटिश आणि एनपीटी हे अमेरिकन, अशी आट्यांची दोन घराणी आहेत. दोघांचेही आटे इंचाला 14. त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर अगदी प्रेमाने फिरतो. दोन-तीन वेढे बिनबोभाट बसतात आणि बघणाऱ्याला कृतार्थ वाटतं. पण आट्याचा कोन एकाचा 55 अंश, दुसऱ्याचा 60. ही पाच अंशांची अढी दाब चढेपर्यंत कोणाला दिसत नाही. दाब चढला, आणि जोडातून तेलाची पिचकारी थेट ‘बसेल की’वाल्यांच्या पांढऱ्या शर्टावर गेली. हायड्रॉलिकला न्यायबुद्धी असते, हे मला त्या दिवशी पटलं.

मी गळती शोधायला बोट पुढे केलं तर मिस्त्री खेकसले. सुईएवढ्या फटीतून दाबाने निघालेलं तेल कातडीत शिरतं आणि पुढचा जोड मग सर्जन उघडतात. गळती पुठ्ठा धरून शोधायची. तेव्हापासून घरातला एकही खोका शाबूत नाही.

अखेर सगळं जोडून झालं आणि ट्रॅक्टर हलवला, तर पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली. स्टीअरिंग डावीकडे वळवलं. ट्रॅक्टर आपल्या मताने सरळ गेला. पुढे वजनं लटकवल्यावर त्याने माझं ऐकायला सुरुवात केली.

मागे बसून लिव्हर हातात घेतल्या. बकेट वळवायला गेलो तर अख्खा हात फिरला आणि प्रेक्षक पांगले. हात उचलायला गेलो तर बॅकहोचा जमिनीवर टेकवलेला डावा पाय वर आला. पण मग एकदाची बकेट जमिनीत घुसली, वळली आणि भरून वर आली. टाळ्या पडल्या. मिस्त्रींनीसुद्धा मान डोलावली.

अण्णांनी ट्रॅक्टरभोवती सावकाश फेरी मारली. चॅनेल, पंप, टाकी, साखळी, वजनं, सगळं हात लावून पाहिलं. नवीन भोक कुठे दिसलं नाही.

“झकास,” ते म्हणाले. “आता नांगर कुठे अडकवायचा?”