पापलेटच्या बिलाबद्दल: पुण्याच्या पाहुण्यांना आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय काल रात्री मुलाने वाचून दाखवला, नंतर मी स्वतः दोनदा वाचला. तुम्ही दोन तारे दिलेत. लिहिलंत की सकाळी आंघोळीला गरम पाणी मिळालं नाही, रात्रीचं जेवण तासभर उशिरा आलं, आणि एका तळलेल्या पापलेटचे ८५० रुपये लावले, 'ही सरळ लूट आहे, पुण्यात याच्या निम्म्यात मिळतो.' शेवटी लोकांना सल्ला दिलात की रत्नागिरीत मुक्काम करू नका, सरळ पुढे मालवण गाठा.

गरम पाण्याची चूक आमचीच. वरच्या खोलीचा गिझर नेमका त्याच सकाळी बंद पडला आणि खालून बादल्या चढवेपर्यंत अर्धा तास गेला. तुमच्याबरोबर लहान मूल होतं, त्यामुळे मलाच फार वाईट वाटलं. जेवणाचंही खरं आहे. साडेआठ सांगून साडेनऊ वाजले. दोन्हीबद्दल मनापासून माफी मागते. गिझरचं काम करून घेत आहोत.

पापलेटचं मात्र मला सविस्तर सांगू द्या. लूट हा शब्द आमच्या खाणावळीबद्दल आजवर कुणी लिहिला नव्हता.

तुम्ही आलात २६ डिसेंबरला. त्या आठवड्यात मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा सुटला होता, दोन दिवस बऱ्याच होड्या बंदरातच होत्या. ज्या गेल्या त्या थोडी मासळी घेऊन आल्या. नाताळ ते नवीन वर्ष एवढ्या दिवसांत रत्नागिरीत, गणपतीपुळ्यात, सगळ्या किनाऱ्यावर पाहुण्यांची गर्दी असते आणि प्रत्येकाला पापलेट नाहीतर सुरमईच हवी असते. मासळी कमी, मागणारे जास्त. अशा वेळी मिरकरवाड्याच्या बंदरावर भाव काय होतो ते एकदा पहाटे येऊन बघावं असं मला खरंच वाटतं. आमचे हे रोज पहाटे स्कूटरवरून तिथे जातात. मोठा पापलेट आधी व्यापाऱ्यांच्या काट्यावर चढतो, तिथून बर्फात भरून बाहेर जातो. आमच्यासारखा चार खोल्यांचा, वीस-पंचवीस पानांचा माणूस तिथे सांगेल ती किंमत देऊन उरलेल्यातला घेतो.

२६ तारखेला यांनी चार मोठे पापलेट आणले, एकेक साधारण साडेचारशे ग्रॅमचा. भाव पडला १,४०० रुपये किलो. म्हणजे एक पापलेट आम्हालाच ६३० रुपयांना पडला. साफ करणं, आगळ-हळद-मीठ लावून ठेवणं, रवा आणि तांदळाचं पीठ, तेल, गॅस, मदतीला येणाऱ्या दोन बायकांचा रोज, हे सगळं राहिलेल्या २२० रुपयांत. दोन पैसे आम्हालाही सुटायला हवेत ना? मे महिना, दिवाळी आणि नाताळ या तीन हंगामांवर आमचं वर्ष चालतं. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात आणि खोल्यांवरच्या कर्जाचा हप्ता बँक तेव्हाही घेतेच.

पुण्यात निम्म्यात मिळतो असं तुम्ही म्हणता. मिळत असेल, मी खोटं म्हणत नाही. पण तो केवढा असतो हे तुम्ही लिहिलं नाही. पापलेटचा भाव त्याच्या आकाराप्रमाणे चढतो. दोनशे ग्रॅमचे दोन घेतले तर ते चारशे ग्रॅमच्या एकापेक्षा स्वस्त पडतात, कारण मोठा पापलेट आता जाळ्यात कमी येतो. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं ते याच काळजीतून, पापलेट वाचावा म्हणून. लहान पिल्लंच पकडली गेली तर पुढे मोठा मासा येणार कुठून, हे बंदरावरचा कुणीही सांगेल.

आणि सर, हे सगळं तुम्हाला आधी सांगितलं होतं. फळ्यावर 'पापलेट: साइजप्रमाणे' असं लिहिलेलं होतं, हे तुमच्या अभिप्रायात आलंय. पण त्यानंतर काय झालं ते आलेलं नाही. मी स्वयंपाकघरातून स्टीलची परात घेऊन तुमच्या टेबलापाशी आले. परातीत चार मोठे आणि सहा लहान पापलेट होते. एका मोठ्याच्या कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबून दाखवलं. पांढरं पाणी आलं, ताज्या पापलेटची ती खूण. शिळ्याला लालसर येतं. तुमच्या आईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे अगदी माझ्या माहेरच्यासारखे आहेत." मी सांगितलं की मोठा ८५०, लहान ३२०, आणि आठ जणांना लहान सहा आणि बांगडे घेतले तर पोटभर होईल, खर्चही बेताचा होईल. तुम्ही म्हणालात, "मोठेच द्या, आम्ही काय रोज येतो का." मी परत विचारलं, चारही? तुम्ही हो म्हणालात. मला ते शब्द आठवतात, कारण मला त्या क्षणी फार बरं वाटलं होतं. हौसेने खाणारा पाहुणा आला की स्वयंपाक करणाऱ्याचा हात चालतो.

बिल आल्यावर तुमच्याबरोबरच्या गृहस्थांनी भाव जास्त आहे म्हणून आवाज चढवला. शेजारच्या टेबलावर साताऱ्याचं कुटुंब जेवत होतं, त्यांच्यासमोर. वाद नको म्हणून मी बिलातून ३०० रुपये कमी केले. चार पापलेटवर आमच्याकडे खर्चासाठी जे ८८० उरत होते, त्यातले ५८० राहिले. सोलकढी तुमच्या मंडळींनी चार-चार वेळा मागितली, मुलांना दुसऱ्यांदा मोदक दिले, त्याचे पैसे लावले नाहीत, लावायचेही नव्हते. ते मी मोजून दाखवत नाही. एवढंच म्हणते की लुटणारा माणूस असं करत नाही.

आमच्या चुकीचा भाग मी झाकत नाही. 'साइजप्रमाणे' एवढंच लिहिणं बरोबर नव्हतं. तोंडाने सांगितलेला आकडा गडबडीत विसरला जातो, आणि मुलं भुकेने रडत असतील तर कोण हिशेब लक्षात ठेवणार? मुलगा म्हणतो, रोजचा भाव आणि वजन खडूने लिहून ठेवायचं. बघतो आहोत. काहीतरी व्यवस्था नक्की करू.

एक गोष्ट मात्र आम्ही कधीच करणार नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत आमच्या फळ्यावर पापलेट नसतो. बर्फात साठवलेला आणून ताजा म्हणून वाढला तर तो बाराही महिने आणि स्वस्तात देता येईल, हे मलाही कळतं. माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं याच चुलीवर पाहुण्यांना जेवू घातलं. त्यांनी कधी असं केलं नाही, मीही करणार नाही. पावसात आलात तर अळूचं फदफदं, फणसाची भाजी, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं मिळेल, आणि भाट्याच्या खाडीत काही गावलंच तर ते. कुणी म्हणेल, एवढ्या लांब येऊन पिठलं खायचं का? ज्याने आमचं कुळथाचं पिठलं खाल्लंय तो असं म्हणत नाही.

आता मालवणला जाण्याच्या सल्ल्याबद्दल. मालवण सुंदर आहे. माझी धाकटी बहीण तिकडेच दिलेली आहे, तिथल्या जेवणाला मी नावं ठेवणार नाही. लोकांनी तिथेही जावं. पण मालवणच्या बंदरावरही मोठा पापलेट वजनावरच विकला जातो, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथेही तो स्वस्त नसतो. पापलेट महाग मिळाला म्हणून आख्खं रत्नागिरी शहर टाळायला सांगणं मला पटलं नाही. मुक्काम इथे दोन रात्रींचा होता. पहिला दिवस तुमचा गणपतीपुळ्यात गेला, दुसऱ्या दिवशी उशिरा उठून तुम्ही निघालात. मी निघताना सांगत होते की थिबा पॅलेस रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवलं आणि पुढे इथे आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. १९३१ चं पतितपावन मंदिर आहे. संध्याकाळी रत्नदुर्गावरून खाली बघितलं की मिरकरवाड्याच्या होड्या रांगेने दिसतात. तुमच्या मुलीला तिथे नेलं असतंत तर तुम्ही खाल्लेला मासा कुठून आला ते तिला दाखवता आलं असतं. वेळ कमी होता, हे समजू शकते. पण न बघता 'रत्नागिरी दोन तासांत संपतं' असंही लिहिलंत, ते आम्हा रत्नागिरीकरांना लागतं.

हे इतकं का लिहितेय तेही सांगते. तुमचा अभिप्राय आल्यानंतर दोन फोन आले. एका ताईंनी विचारलं, 'तुमच्याकडे मासे फार महाग लावतात असं वाचलं, खरं का?' मी समजावून सांगितलं, त्या 'बघू' म्हणाल्या आणि पुन्हा फोन आला नाही. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारचं दोन खोल्यांचं बुकिंगही रद्द झालं. तुमच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, कारण त्यांनी सांगितलं नाही. पण मोठ्या हॉटेलाला एका वाईट अभिप्रायाने फरक पडत नाही. आमच्या चार खोल्या सरकारच्या निवास व न्याहारी योजनेतल्या आहेत, जाहिरात करायला पैसे नाहीत. जे येतात ते असेच कुणाचं तरी वाचून किंवा ऐकून येतात.

ज्यांना यायचं आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. रेल्वे स्टेशन गावाबाहेर कुवारबावला आहे, तिथून रिक्षा मिळते. मोठा मासा हवा असेल तर आदल्या संध्याकाळी फोन करा, पहाटे बंदरावर काय भाव आहे ते आम्ही कळवू, मग ठरवा. बांगडा, तिसऱ्या, सौंदाळे हे सगळं पापलेटपेक्षा बरंच स्वस्त असतं, आणि तिरफळ घातलेलं बांगड्याचं सार आमच्या घरात पापलेटपेक्षाही आवडीने खातात.

सर, परत आलात तर वरची नको, खालची खोली देईन, तिथला गिझर चांगला आहे. बिलाची प्रत माझ्याकडे आहे, कमी केलेल्या ३०० रुपयांसकट, हवी असेल तर पाठवते. गरम पाण्यासाठी आणि उशिरा वाढलेल्या पानांसाठी तारे दोनच ठेवलेत तरी मी काही म्हणणार नाही. पण 'लूट' हा शब्द तेवढा काढावा, ही हात जोडून विनंती.

आपली,
खाणावळीची मालकीण
मांडवी, रत्नागिरी