रुमालाचा इलाज

ऑडिओव्हिज्युअलच्या, म्हणजे माईक-स्पीकर-पडदे बसवण्याच्या, धंद्यात सीटीएस नावाची एक परीक्षा असते. अविक्सा ही संस्था ती घेते. वेळ अडीच तास, 500 पैकी 350 आले की पास. फी डॉलरमध्ये. आमचं ऑफिस म्हणतं, आधी पास व्हा, मग बिल लावा. म्हणून रविवारी संध्याकाळी मी मुकाट्याने इम्पीडन्सची, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याची, गणितं सोडवत बसलो होतो. तेवढ्यात खालून बोलावणं आलं. सोसायटीची वार्षिक सभा, आणि माईक शिट्ट्या मारतोय.

सेक्रेटरीकाका स्पीकरच्या बरोब्बर पुढ्यात, तोंडाशी माईक धरून उभे.

"काका, स्पीकरच्या मागे या. त्याचा आवाज परत माईकमध्ये शिरतोय."

"मागे पंखा नाही."

"मग स्पीकर पुढे सरकवू?"

"वायर पुरत नाही. तू टीव्ही रिपेअरिंगचा कोर्स करतोयस ना? बघ की जरा."

टीव्ही रिपेअरिंग! अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आवाज 6 डेसिबलने उतरतो, हे मी आठवडाभर घोकतोय. आमच्या घरीसुद्धा 'तो डिशवाल्यांच्या लाइनीत आहे' असंच सांगतात. सीएचा अभ्यास करणाऱ्या पोराला कुणी खाली बोलावून वाण्याचा हिशेब तपासायला लावतं का? त्याच्यासाठी घरात टीव्ही बंद ठेवतात. माझ्या अभ्यासाच्या वेळी मोठ्याने लावतात, वर म्हणतात, "तुझाच विषय आहे."

असो. काकांनी खिशातून रुमाल काढला. निळ्या चौकड्यांचा, घामाने ओला. तो माईकच्या डोक्याला करकचून बांधत म्हणाले, "आमच्या गणपतीत हेच करायचो. शिट्टी रुमालात अडकते." डेकोरेटरच्या पोराने एव्हाना साउंड मिक्सरवरचं आवाजाचं बटण गुपचूप खाली ओढलं होतं. शिट्टी थांबली. काकांचा आवाजही थांबला, पण ते त्यांना कोण सांगणार? तिसऱ्या रांगेपासून मागे नुसते ओठ हलताना दिसत होते. "बघ, शिकून घे," असं मला म्हणाले असावेत. पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून मागच्यांनीही वाजवल्या.

त्या टाळ्यांत मेंटेनन्सवाढीचा ठराव एकमताने मंजूर झाला. विरोध करायला आलेले देशपांडेकाका शेवटच्या रांगेत होते. त्यांना वाटलं, सत्कार चाललाय.

वाढ पुढच्या महिन्यापासून. माझी परीक्षेची फीही पुढच्याच महिन्यात भरायची आहे, आणि डॉलर काही खाली येत नाही.